सार्वजनिक वास्तू : दिवा, पाणी आणि हिशेब

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही श्रोत्यांना थोडे नवल वाटले असेल. इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया, तह, फार झाले तर एखादी सामाजिक चळवळ, अशी आपली समजूत असते. कचेरीतला पंखा, शाळेतला नळ आणि रुग्णालयातला दिवा ह्यांना कसला आला आहे इतिहास? माझे म्हणणे असे की, त्यांनाही इतिहास आहे, आणि तो ध्यानात घेतल्यावाचून आपली नगरपालिका दरमहा विजेचे व पाण्याचे जे बिल भरते त्याचा अर्थ आपणांस नीट लागावयाचा नाही. ते बिल पालिका भरते असे आपण म्हणतो खरे. पण पालिकेचा पैसा म्हणजे तुमचा आमचाच पैसा.

अगदी रोजच्या पाहण्यातली गोष्ट घेऊ. रिकाम्या खोलीत पंखा फिरत राहिला तर घरी आजी पुटपुटते आणि कोणीतरी उठून बटण बंद करते. तोच पंखा कचेरीच्या रिकाम्या खोलीत दुपारभर फिरतो, त्याच्याखालून दहा माणसे येतात-जातात, पण बटणाकडे कोणाचाही हात वळत नाही. ही दहा माणसे आपापल्या घरी उधळी असतात काय? मुळीच नाही. मग घरचा काटकसरी माणूस कचेरीत आल्याबरोबर उदार कसा होतो? आपल्याकडे एक जुनी म्हण आहे, ‘बारभाईची शेती, काय लागेल हाती’. म्हणीने रोग सांगितला, पण त्याचे निदान केले नाही. निदान इतिहासात सापडते. वापरणारा एक, पैसे देणारा दुसरा आणि मोजणारा कोणीच नाही, अशी स्थिती जेथे जेथे झाली तेथे तेथे पाणी आणि ऊर्जा वाया गेली. आणि ह्या तिघांची जेथे समोरासमोर गाठ पडली तेथे तेथे बचत झाली. एवढे एकच सूत्र मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रारंभ आपल्या मराठवाड्यातूनच करू. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील पाणचक्की आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मलिक अंबराने ह्या शहराला, म्हणजे त्या वेळच्या खडकीला, जमिनीखालून नहर काढून पाणी दिले. पुढे त्याच परंपरेत आणखी नहरी झाल्या, आणि अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर ह्यांच्या दर्ग्याच्या आवारात पाणचक्कीचे काम आकाराला आले. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून एका उंच भिंतीत चढविले आहे. ते तेथून खाली कोसळते आणि त्या जोरावर दगडी जाते फिरते. ह्या जात्यावर दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी व फकिरांसाठी दळण होत असे. एवढ्यावरच पाण्याची सुटका नाही. जाते फिरवून झाल्यावर ते मोठ्या हौदात जाते. त्या हौदाच्या खाली एक प्रशस्त दालन आहे. हौदाचा तळ तेच दालनाचे छत. उन्हाळ्यात बाहेर अंगाची लाही होत असताना आतला माणूस गारव्यात बसलेला असतो. एकाच पाण्याकडून दळण, कारंजे आणि गारवा अशी तीन कामे करवून घेतली आहेत.

जुन्या काळातले लोक आपल्याहून अधिक सद्गुणी होते, असे सांगण्यासाठी मी हे उदाहरण दिले नाही. त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. कोसच्या कोस खापरी नळ घालून आणलेले पाणी एकदाच वापरून सोडून देणे कोणालाही परवडणारे नव्हते. शिवाय पाणी कोठून येते, किती येते आणि कमी झाले तर का झाले, हे तेथे राहणाऱ्या प्रत्येकाला डोळ्यांनी दिसत होते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हे त्या काळी आड रोज पाहणाऱ्या माणसाला वेगळे सांगावे लागत नसे.

उजेडाचे आणि वाऱ्याचेही तसेच. वाड्याचा चौक, जाड भिंती, इंग्रजी अमदानीतल्या कचेऱ्यांचे उंच छत आणि चारी बाजूंचे व्हरांडे हा सारा ऊन अडवून वारा आत घेण्याचाच खटाटोप होता. कचेरीतल्या छताला टांगलेला पंखासुद्धा दोरीने ओढावा लागे आणि त्यासाठी गडी ठेवावा लागे. त्या पंख्याचा खर्च दोन पायांनी चालत येऊन महिनाअखेरीस पगार मागत असे! तो कोणाच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

ही दृष्टिआडची सृष्टी कधी झाली ते पाहण्यासाठी मुंबईला जावे लागेल. १८५४ साली पावसाने मुंबईला दगा दिला. विहिरी आणि तळी आटली. शहरातली गुरे बाहेर हलविण्याची पाळी आली, आणि होड्यांतून व नुकत्याच सुरू झालेल्या आगगाडीतून पाणी आणून ते विहिरींत ओतावे लागले. ह्या संकटातून विहार तलावाची योजना निघाली. हेन्री कॉनीबेअर ह्या अभियंत्याच्या देखरेखीखाली १८५६ साली काम सुरू झाले आणि १८६० साली तलावाचे पाणी नळाने शहरात आले. पुढे १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा ही धरणे झाली.

नळाच्या पाण्याने मुंबईकरांचे केवढे हित झाले हे सांगावयास नकोच. डोक्यावरचा हंडा उतरला, पटकीसारख्या रोगांना आळा घालता येऊ लागला. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. पाणी कोठून येते हे दिसेनासे झाले. पाणीपट्टी पुष्कळ ठिकाणी घराच्या करपात्र भाड्यावरून ठरू लागली. म्हणजे चार बादल्या वापरा की चाळीस वापरा, पट्टी तेवढीच. पुढे विसाव्या शतकात मलेरियाच्या डासांना आळा घालण्यासाठी शहरातल्या पुष्कळ विहिरी बुजविण्यात किंवा झाकण्यात आल्या. रोगाच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. पण डोळ्यांपुढचा आड गेला आणि दूरचा तलाव कोणी पाहिलेला नव्हता.

दिव्याची कथा ह्याहून मनोरंजक आहे. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. त्याच सुमारास क्रॉफर्ड मार्केटचे, म्हणजे आताच्या महात्मा जोतिबा फुले मंडईचे, बांधकाम चालू होते. ते १८६९ मध्ये पुरे झाले. विल्यम इमर्सन ह्या वास्तुशिल्पज्ञाने मंडईचे छत असे उंच उचलले की, वरून सूर्याचा उजेड आत यावा. दिवसा दिव्याची गरज पडू नये अशी ही सार्वजनिक वास्तू. आणि गंमत पाहा, मुंबईत विजेचा दिवा १८८२ साली पहिल्यांदा लागला तो ह्याच मंडईत. लोकांची गर्दी लोटली असेल ह्यात शंका नाही. पालिकेने मंडईत आणि काही रस्त्यांवर विजेचे दिवे लावण्यासाठी एका कंपनीशी करारही केला. परंतु थोड्याच काळात त्या कंपनीचे दिवाळे वाजले आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे लागले. सार्वजनिक वास्तूत नवे साधन बसविणे सोपे असते. त्याच्या खर्चाचा मेळ घालणे अवघड असते, हा धडा मुंबईने विजेच्या पहिल्याच प्रयोगात घेतला.

वीज मुंबईत खऱ्या अर्थाने स्थिरावली ती विसाव्या शतकात. १९१५ साली खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळ्याच्या परिसरातील वळवण, शिरवटा आणि लोणावळा ह्या तलावांत पावसाचे पाणी साठवावयाचे, ते सुमारे सतराशे फूट खाली सोडून त्यावर चक्रे फिरवावयाची, आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवावयाच्या, अशी ती योजना. हा सह्याद्रीवर पडलेला पाऊस शहरातल्या दिव्यांत उजळत होता! पाणचक्कीत जे तत्त्व एका जात्यापुरते होते, तेच येथे एका महानगरापुरते झाले. फरक इतकाच की, पाणचक्कीजवळ उभ्या असलेल्या माणसाला पाणी आणि जाते दोन्ही दिसत. मुंबईतल्या कारकुनाला फक्त बटण दिसे.

पाणी आणि वीज ह्यांचे नाते उलट दिशेनेही आहे, ते येथेच सांगून टाकतो. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच चढवावयास हिशेबाप्रमाणे पाव युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. पंपातली आणि मोटारीतली तूट धरली तर ती जवळजवळ अर्ध्या युनिटावर जाते. म्हणून गळका नळ हा विजेचाही गळका नळ असतो. सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी दिवसाकाठी वीस लिटरांच्या आसपास पाणी घालविते, आणि बिघडलेली संडासाची टाकी तर कोणाच्या लक्षातही न येता शेकडो लिटर घालवू शकते.

असो. बटणाच्या ह्या युगाला पहिला मोठा धक्का बसला तो १९७३ साली. पश्चिम आशियातील युद्धानंतर तेल निर्यात करणाऱ्या अरब राष्ट्रांनी पुरवठा आवळला आणि काही महिन्यांत तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. तोवर अमेरिकेत आणि युरोपात काचेच्या भिंतींच्या, खिडक्या न उघडणाऱ्या, रात्रंदिवस यंत्राने थंड किंवा गरम ठेवलेल्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. आता त्यांचे करावयाचे काय, हा प्रश्न उभा राहिला. त्यावर जगाने तीन मार्ग चोखाळले आणि तिन्हींचा अनुभव आपणांस उपयोगी पडण्यासारखा आहे.

पहिला मार्ग हुकमाचा. १९७९ साली तेलाचे दुसरे संकट आले तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर ह्यांच्या सरकारने नियम केला की, सार्वजनिक आणि व्यापारी इमारती उन्हाळ्यात ७८ अंश फॅरनहाइटच्या खाली थंड करावयाच्या नाहीत आणि हिवाळ्यात ६५ अंशांच्या वर गरम करावयाच्या नाहीत. स्वतः अध्यक्षांच्या निवासस्थानाच्या छपरावर सूर्याच्या उष्णतेने पाणी तापविणारी ३२ पत्रे बसविण्यात आली. हेतू चांगला होता. पण १९८१ साली रोनाल्ड रेगन अध्यक्ष झाल्यावर तो नियम रद्द झाला, आणि १९८६ साली छपराच्या दुरुस्तीच्या वेळी उतरविलेली पत्रे पुन्हा वर चढली नाहीत. जपानचेही तसेच झाले. १९७९ साली पंतप्रधान ओहिरा ह्यांनी अर्ध्या बाह्यांचा सूट घालून लोकांपुढे कित्ता ठेवला. लोक हसले आणि पूर्वीप्रमाणे कोट-टाय घालून शीतयंत्रे चालवू लागले. त्याच जपानात २००५ पासून सरकारी कचेऱ्यांनी उन्हाळ्यात टाय सोडला, कचेरीचे तापमान २८ अंशांच्या आसपास ठेवावयाचे ठरविले आणि दरवर्षी ते चालू ठेवले, तेव्हा मात्र ही रीत रुजली. हुकूम देणाऱ्याबरोबर हुकूम जातो. अंगवळणी पडलेली रीत राहते.

दुसरा मार्ग दुरुस्तीचा. ह्याचे नामांकित उदाहरण न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीचे. ही इमारत १९३१ सालची आणि खासगी मालकीची. पण दुरुस्तीचे शास्त्र समजून घेण्यासाठी तिच्यासारखे उदाहरण नाही. २००९ साली तिची ऊर्जा वाचविण्याचे काम जाहीर झाले. तिच्या ६,५१४ खिडक्यांच्या काचा फेकून दिल्या नाहीत. त्या काढून इमारतीच्याच एका मजल्यावर कारखाना थाटला, दोन काचांमध्ये उष्णता अडविणारा पातळ पडदा घातला आणि त्याच काचा परत बसविल्या. हिवाळ्यात खोल्या गरम करणाऱ्या नळ्यांच्या मागच्या भिंतींना उष्णतारोधक थर दिला. ह्यामुळे इमारतीला थंडाव्याची गरजच कमी झाली आणि शीतयंत्रे वाढविण्याऐवजी जुनी दुरुस्त करून भागले. ऊर्जेच्या वापरात ३८ टक्के घट हे उद्दिष्ट होते. आधी गरज कमी करा, मग यंत्र निवडा, हा त्यातला क्रम महत्त्वाचा. आपल्याकडे पुष्कळदा उलट होते. पश्चिमेच्या उन्हाने तापणाऱ्या खोलीच्या खिडकीवर छज्जा घालावयाचा नाही, छताला पांढरा चुना द्यावयाचा नाही. पण त्या खोलीसाठी मोठे शीतयंत्र मात्र मागवावयाचे!

तथापि दुरुस्तीला पैसा लागतो, आणि सार्वजनिक वास्तूंचे घोडे अडते ते येथेच. शाळेने वीज वाचविली तर वाचलेला पैसा शाळेला मिळत नाही. पुढच्या वर्षी तिची तरतूद तेवढी कमी होते, एवढेच. मग मुख्याध्यापकांनी हा उपद्व्याप करावा कशाला? ह्या कोड्याचे उत्तर तिसऱ्या मार्गात आहे. तो मार्ग हिशेबाचा, आणि त्याचे मूळ शोधीत गेले तर आपण थेट अठराव्या शतकातल्या इंग्लंडात पोहोचतो.

जेम्स वॅट ह्यांचे वाफेचे एंजिन सर्वांना ठाऊक आहे. पण ते विकण्याची त्यांची रीत फारशी कोणाला ठाऊक नसते. वॅट आणि त्यांचे भागीदार मॅथ्यू बोल्टन ह्यांचे पुष्कळसे गिऱ्हाईक कॉर्नवॉलच्या खाणवाल्यांचे होते. खाणींत पाणी भरे आणि ते उपसण्यासाठी न्यूकमेनची जुनी एंजिने ढीगभर कोळसा खात. कॉर्नवॉलात कोळसा नव्हता; तो समुद्रमार्गे आणावा लागे आणि महाग पडे. वॅटच्या एंजिनाला तेवढ्याच कामासाठी निम्म्याहूनही पुष्कळ कमी कोळसा पुरे. बोल्टन आणि वॅट ह्यांनी खाणवाल्यांना सांगितले की, आमचे एंजिन बसवा; जुन्या एंजिनाच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा दरवर्षी आम्हांला द्या, दोन हिस्से तुमचे. आता किती वाचले हे ठरवावयाचे कसे? त्यासाठी वॅटने एंजिनाच्या तुळईला एक गणकयंत्र जोडले. एंजिनाचे किती फेरे झाले ते त्यात नोंदले जाई, आणि ते कुलूपबंद पेटीत ठेवलेले असे. बचतीतून खर्च भागविण्याचा हा करार आणि त्याला लागणारा मीटर ह्यांचा जन्म असा जोडीने झाला.

हा व्यवहार पुढे सुरळीत चालला असे मात्र नाही. कोळसा वाचविल्याचे समाधान हळूहळू ओसरले आणि वाचलेल्यातला तिसरा हिस्सा देणे खाणवाल्यांना जड वाटू लागले. तंटे झाले, काही जणांनी हिश्श्याऐवजी ठोक वार्षिक रक्कम ठरवून घेतली. मनुष्यस्वभाव आहे, आजार बरा झाला की वैद्याचे बिल मोठे वाटते. पण मूळ कल्पना पक्की होती, आणि दोनशे वर्षांनी ती सार्वजनिक वास्तूंच्या कामी आली.

१९९५ साली जर्मनीतील स्टुटगार्ट शहराने तिला फार सुंदर वळण दिले. शहराच्या पर्यावरण विभागाकडे एक निधी ठेवण्यात आला. शाळा, रुग्णालय, पोहण्याचा तलाव ह्यांपैकी कोणत्याही खात्याने ऊर्जा किंवा पाणी वाचविणारी सुधारणा सुचविली की, तिचा खर्च ह्या निधीतून करावयाचा. मग बिलात जी बचत होईल ती त्या खात्याने निधीला परत करीत जावयाचे. खर्च फिटला की पुढची सारी बचत त्या खात्याची. आणि परत आलेला पैसा दुसऱ्या इमारतीसाठी मोकळा. बाहेरचा सावकार नाही, बाहेरचा ठेकेदार नाही. पैसा शहरातल्या शहरात फिरत राहतो. मुख्याध्यापकांनी हा उपद्व्याप का करावा, ह्या प्रश्नाला येथे प्रथमच सरळ उत्तर मिळाले. १९९६ पासून बर्लिन शहराने दुसरी रीत घेतली. शेकडो सार्वजनिक इमारतींचे गट करून ते बाहेरच्या कंपन्यांकडे सोपविले. कंपनीने पदरचा पैसा घालून सुधारणा कराव्या आणि ठरलेल्या बचतीची हमी द्यावी. हळूहळू तेराशेहून अधिक इमारती ह्या योजनेत आल्या आणि त्यांच्या ऊर्जाखर्चात सरासरीने सुमारे पाव हिस्सा बचत झाली.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००८ पासून आणखी एक पाऊल पडले. लोकांची ये-जा असलेल्या मोठ्या सार्वजनिक इमारतींनी आपला प्रत्यक्ष ऊर्जावापर किती, ह्याचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावयाचे ठरले. शाळेच्या निकालासारखी त्यावर श्रेणी असते. तेथला नगरभवनात शिरणारा नागरिक दाराशीच वाचू शकतो की, ही वास्तू वरच्या वर्गात आहे की नापास. पाणचक्कीजवळ उभ्या असलेल्या माणसाला जे डोळ्यांनी दिसत होते, ते येथे कागदावर दाखविले गेले.

आता आपल्या देशाकडे वळू. भारताने २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा केला आणि २००२ साली ऊर्जा दक्षता विभाग स्थापन झाला. पंख्यांवर, शीतपेट्यांवर आपण जे तारे पाहतो ते ह्याच विभागाचे. २००७ साली मोठ्या व्यापारी इमारतींसाठी संहिता आली. २०१५ साली एलईडी दिव्यांची देशव्यापी योजना निघाली. सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केल्यामुळे २०१४ च्या प्रारंभी ३१० रुपयांना घेतला जाणारा दिवा दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांपर्यंत उतरला. जुना तारेचा दिवा घेतलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेत घालवीत असे. ६० वॅटच्या त्या दिव्याचे काम नऊ वॅटचा एलईडी करतो. रस्त्यांवरच्या दिव्यांसाठी तर वॅटचाच करार नव्या रूपात आला. कंपनीने दिवे बसवावे आणि पालिकेने वाचलेल्या वीजबिलातून हप्ते फेडावे. दिवे कोट्यवधी बदलले. मात्र काही पालिकांनी वीज वाचविली आणि हप्ते थकविले; म्हणजे कॉर्नवॉलच्या खाणवाल्यांचा वारसाही आपण घेतला! २०२० पासून ताऱ्यांकित शीतयंत्रे सुरू होताना २४ अंशांवर सुरू व्हावीत, असाही नियम झाला. त्याहून कमी करावयास बंदी नाही. पण त्यासाठी माणसाला हात उचलावा लागतो, आणि हात उचलण्याचा आळस येथे देशाच्या कामी येतो.

पाण्याच्या बाबतीत मात्र आपण फार मागे आहोत. पाणी हा विषय राज्यांचा. त्यात दर वेगळे, रीती वेगळ्या आणि पुष्कळ सार्वजनिक वास्तूंना मीटरच नाही किंवा आहे तो बंद. पाणी वापराची दक्षता पाहणारा केंद्रीय विभाग निघावयास २०२२ साल उजाडले. दरम्यान २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवरून आलेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. १८५४ साली मुंबईला आगगाडीने पाणी आले होते. १६२ वर्षांनी तोच प्रसंग लातूरवर आला. त्या दिवसांत लातूरच्या माणसाला एका घागरीची किंमत सांगावी लागत नव्हती. प्रश्न असा की, ती किंमत पाऊस पडल्यावर आपण किती दिवस लक्षात ठेवतो?

ह्या बाबतीत दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनचा अनुभव ऐकण्याजोगा आहे. २०१८ च्या प्रारंभी तेथली धरणे इतकी खालावली होती की, माणशी दिवसाला ५० लिटरांची मर्यादा घालावी लागली. त्या संकटात स्टेलनबॉश विद्यापीठातील अभियंत्यांनी शाळाशाळांतून असे मीटर बसविण्याची मोहीम हाती घेतली की, जे पाण्याचा वापर क्षणोक्षणी नोंदून दूर बसलेल्या माणसाला कळवितात. आकडे पाहिले तेव्हा उघड झाले की, पुष्कळ शाळांत मुले घरी गेल्यावर, मध्यरात्रीही, पाणी वाहतेच आहे. फुटके नळ, झिजलेल्या चकत्या, भरून वाहणाऱ्या टाक्या! मुलांना काटकसरीचे पाठ देण्याआधी रात्रीची गळती थांबविणे आवश्यक होते, आणि ती पुष्कळ ठिकाणी किरकोळ दुरुस्तीने थांबली. येथे कोणी पाणी कमी प्यायला नाही की कमी वेळा हात धुतले नाहीत.

हा मुद्दा मला विशेष आग्रहाने सांगावयाचा आहे, कारण बचत म्हणजे उपास अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. रुग्णालयातल्या बाळंतिणीच्या खोलीतला पंखा बंद करून वाचविलेली वीज ही बचत नव्हे, ती निर्दयता होय. अमेरिकेत १९९४ पासून संडासाच्या टाक्या सुमारे सहा लिटरांच्याच असाव्यात असा नियम झाला. परंतु पहिल्या पहिल्या टाक्यांची घडण नीट नव्हती, म्हणून लोक दोनदा पाणी सोडीत आणि नियमाला शिव्या देत. घडण सुधारली तेव्हाच नियमाचे सार्थक झाले. काम तेवढेच व्हावे आणि खर्च कमी व्हावा, ह्याचे नाव दक्षता.

एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. मुंबईत गॅसचे दिवे लागले त्याच १८६५ साली इंग्लंडात विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स ह्या अर्थशास्त्रज्ञाने कोळशाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की, एंजिन काटकसरी झाल्याने देशाचा कोळसा वाचत नाही. उलट एंजिन स्वस्त पडते म्हणून ते जागोजाग बसते आणि एकूण कोळसा अधिकच जळतो. आपल्याकडेही दिवा स्वस्त झाला तसे इमारतींच्या दर्शनी भागांवर रात्रभर रोषणाई करण्याचे वेड वाढले आहेच. म्हणून नुसते यंत्र बदलून भागत नाही. यंत्र बदलल्यावर बिल उतरले की नाही, हे दरसाल पाहावे लागते. आणि वाचलेल्या पैशाचे काय झाले, हेही विचारावे लागते.

आता थोडा आपल्या गावचा हिशेब मांडू. एखाद्या शाळेत शंभर पंखे आहेत असे समजा. जुना पंखा ७५ वॅटचा, नव्या धर्तीच्या मोटारीचा सुमारे ३० वॅटचा. दिवसाला सहा तास पंखे चालले तर रोजची २७ युनिटे वाचतात. शाळेचे २२० दिवस धरले तर वर्षाला सहा हजार युनिटांच्या जवळपास. दर युनिटाचा भाव आपापल्या बिलावर पाहा आणि गुणाकार घरी करा. त्या पैशात ग्रंथालयाला किती पुस्तके येतील, प्रयोगशाळेत काय काय येईल, हे मी सांगण्याची गरज नाही. पण हे पैसे त्याच शाळेला मिळणार असतील तरच तेथले शिक्षक आणि मुले त्या कामात मन घालतील. स्टुटगार्टचे मर्म एवढेच आहे.

म्हणून आपणां सर्वांना माझी एक विनंती आहे, आणि तिला पैसा लागत नाही. आपल्या पालिकेच्या शाळेची, रुग्णालयाची आणि ह्या सभागृहाची गेल्या बारा महिन्यांची विजेची व पाण्याची बिले पाहावयास मागा. ती दर महिन्याला दारावरच्या फलकावर लागावीत असा आग्रह धरा. पाण्याचा मीटर असेल तर कुलूप लावताना एकदा आणि सकाळी कुलूप उघडताना एकदा त्याचा आकडा टिपून ठेवण्यास शिपायाला सांगा. दोन आकड्यांत फरक आढळला, तर रात्री त्या रिकाम्या वास्तूत पाणी कोण पीत होते, हे शोधून काढण्यास प्लंबर पुरेसा आहे. मीटर नसेल, तर पुढच्या निवडणुकीत मते मागावयास जे येतील त्यांना पहिला प्रश्न तोच विचारा.

आता सभा संपली की शेवटी जाणाऱ्या मंडळींनी पंख्यांची बटणे तेवढी पाहावीत. ह्या सभागृहाचेही बिल आपल्याच नावाने येते.